विदर्भाच्या उन्हात प्लॅस्टिकचा फिल्म कॅमेरा : पहिला रोल कसा काढावा

स्वस्त प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यात फोकस जुळवायची सोय बहुधा नसते, शटरचा (उजेड क्षणभर आत सोडणाऱ्या पडद्याचा) वेग बदलता येत नाही, उजेड मोजणारं काही नसतं. किंमत खाली आणण्यासाठी कंपन्यांनी हे सगळं काढून टाकलं आणि भिस्त ठेवली ती उन्हावर. डब्यावर, माहितीपत्रकावर, कधी कधी खुद्द लेन्सच्या कडेवर सूर्याचं चित्र असायचं ते याचसाठी. यवतमाळ, वर्धा, अकोला, बुलडाणा या भागात असं ऊन वर्षातले सात-आठ महिने फुकट मिळतं. म्हणून गावाकडे राहून फिल्मवर फोटो काढायला सुरुवात करणाऱ्याने महागड्या कॅमेऱ्याची वाट बघत बसू नये. हा साधा कॅमेरा आपल्या उन्हाला अगदी जुळतो. मात्र कंपनीने नेमकं काय काढून टाकलंय ते माहीत हवं, कारण तेवढं काम मग आपल्याला करावं लागतं.

आधी घरातली पेटी उघडा

विकत घेण्याआधी घरात, मामाकडे, गावातल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत विचारून बघा. आपल्या भागात तीन पिढ्यांचे कॅमेरे सापडू शकतात.

सगळ्यात जुना बहुधा आग्फा. मूळ जर्मन कंपनीच्या या नावाने बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज भारतात कॅमेरे बनवायची. त्यातला क्लिक थ्री घराघरांत गेला. तो १२० नावाच्या रुंद फिल्मवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ चौकोनी फोटो काढतो. त्याचाच भाऊबंद आयसोली तेवढ्याच रोलवर ४ बाय ४ सेंटिमीटरचे १६ फोटो बसवतो. १२० फिल्म आजही बनते, त्यामुळे हे कॅमेरे चालू करता येतात. जुन्या लग्नांचे, शाळेच्या गॅदरिंगचे जे चौकोनी काळे-पांढरे फोटो घरच्या अल्बममध्ये आहेत, त्यातले कितीतरी अशाच कॅमेऱ्यांतले असतील. त्या काळात उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता आणि त्याची ‘इंदू’ फिल्म देशभर विकली जायची. आता तो कारखाना बंद आहे.

दुसरी पिढी फोटोफोन कंपनीच्या हॉट शॉटची. तिसरी नव्वदच्या दशकातली, कोडॅक केबी १० आणि तसल्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांची. नवशिक्यासाठी ही तिसरी पिढी सगळ्यात सोयीची, कारण ३५ मिलिमीटरची फिल्म सहज मिळते आणि धुऊनही मिळते.

सापडलेला कॅमेरा असा तपासा. मागचं झाकण उघडा. बॅटरीचा कप्पा पांढरट-हिरवट झाला असेल तर फ्लॅश गेला समजा, पण बाकी कॅमेरा बहुतेक वेळा बॅटरीशिवाय चालतो. मागून लेन्सकडे बघत बटण दाबा, क्षणभर उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. काही कॅमेऱ्यांत आतल्या दातेरी चाकावर बोट फिरवून आधी शटर ताणावं लागतं. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे. थोडी असेल तर चालेल, चित्र जरा मऊ येईल.

फिल्मचा आकार मात्र नक्की बघून घ्या. ३५ मिलिमीटर किंवा १२० असेल तर पुढे जा. १२६ नावाच्या काडतुसाचा, म्हणजे फिल्मच्या बंद डबीचा, कॅमेरा असेल तर ती फिल्म आता कोणी बनवत नाही. ११० ची बनते, पण धुऊन देणारे फार थोडे. तो कॅमेरा आठवण म्हणून जपा, शिकण्यासाठी दुसरा घ्या.

एक इशारा. फ्लॅश असलेला कॅमेरा, त्यातही एकदाच वापरायचा कागदी खोक्यातला, घरी स्क्रू काढून उघडू नका. फ्लॅशसाठी आत वीज साठवणारा जो कपॅसिटर असतो तो सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरलेला राहू शकतो, बॅटरी काढल्यावरही. लहान पोरांच्या हाती असा कॅमेरा खेळायला देऊ नका.

नवा घ्यायचा तर डब्यावरच्या नावामागे कोण आहे ते बघा

या धंद्याची चाल एकदा समजली की दुकानातली गडबड कळते. १९०० साली कोडॅकने ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा डबा-कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. कॅमेरा स्वस्त द्यायचा आणि कमाई फिल्मवर आणि धुलाईवर करायची, हा त्यांचा हिशेब. १९६३ साली त्याच कंपनीचा इन्स्टामॅटिक आला. त्यात फिल्मचं काडतूस नुसतं आत टाकायचं होतं, आणि जगभर त्याची कोट्यवधींत विक्री झाली. १९८६ मध्ये जपानच्या फुजीने फिल्म भरलेलाच कॅमेरा विकला, रोल संपला की अख्खा कॅमेरा लॅबला द्यायचा.

हाँगकाँगची गोष्ट वेगळी आणि मला जास्त जवळची वाटते. साठच्या दशकात तिथल्या ग्रेट वॉल प्लॅस्टिक फॅक्टरीने डायना नावाचा कॅमेरा काढला. लेन्ससुद्धा प्लॅस्टिकची. तो कितीतरी वेगवेगळ्या नावांनी, बऱ्याचदा खेळणं म्हणूनच विकला जायचा. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला होल्गा आला, चीनमधल्या साध्या कुटुंबांना परवडावा म्हणून, १२० फिल्मचा. पण चीनमध्ये लवकरच ३५ मिलिमीटरची फिल्म पसरली आणि घरचं गिऱ्हाईक गेलं. होल्गाला जीव लावला तो परदेशातल्या फोटोग्राफरांनी. त्याच्या काळवंडलेल्या कडा आणि फक्त मधोमध धारदार येणारं चित्र त्यांना आवडलं. अमेरिकी वृत्तछायाचित्रकार डेव्हिड बर्नेट याने २००० सालच्या अध्यक्षीय प्रचारात उमेदवार अल गोर यांचे फोटो होल्गावर काढले, आणि त्यातल्या एका फोटोला मानाचं पारितोषिकही मिळालं. २०१५ मध्ये होल्गाचं उत्पादन थांबलं होतं, पुढे ते परत सुरू झालं. डायनाची नवी आवृत्ती २००७ मध्ये लोमोग्राफीने आणली. ही कंपनी व्हिएन्नात १९९२ साली सुरू झालेल्या फोटोवेड्यांच्या मंडळातून उभी राहिली.

आजच्या दुकानात ‘कोडॅक’ लिहिलेले जे प्लॅस्टिकचे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे दिसतात, ते जुन्या कोडॅकने बनवलेले नसतात. नाव भाड्याने घेऊन दुसऱ्या कंपन्या ते बनवतात. २०२२ साली आलेला एक्टार एच३५ हाँगकाँगच्या रेटो प्रोजेक्टचा आहे. ‘आग्फाफोटो’ हे नावही २००५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेल्यापासून असंच हातोहात फिरतं. यात फसवणूक काही नाही. कॅमेरा ठीक चालतो, पण नावाकडे बघून दुप्पट पैसे मोजू नका. आतली रचना सगळ्यांची जवळपास सारखीच असते.

हा एच३५ अर्ध्या फ्रेमचा आहे, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो. रोल महाग असल्याने मोह पडतो. तरी माझं मत असं की पहिला कॅमेरा पूर्ण फ्रेमचा घ्यावा. ७२ फोटो संपवायला गावात महिने लागतात आणि तोवर आपलं काय चुकतंय तेच कळत नाही. शक्य असेल तर २४ चा रोल घ्या, आठवड्याभरात संपवा, लगेच धुवायला पाठवा.

फिल्म कोणती

या कॅमेऱ्यांचं शटर साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकं उघडतं आणि लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान ठरलेलं असतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). लख्ख उन्हाचा जुना नियम सांगतो, की १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते तो आकडा) फिल्मला एफ/१६ आणि शंभरावा भाग पुरतो. म्हणजे आपला कॅमेरा उन्हात गरजेपेक्षा जास्तच उजेड आत घेतो. २०० ची फिल्म घातली तर दोन ते तीन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). घाबरायचं कारण नाही, रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड दोन-तीन स्टॉपपर्यंत सहज पचवते. कमी उजेड मात्र तिला सोसत नाही, सावल्या मातकट होतात आणि फोटोवर बारीक दाणे दिसू लागतात.

म्हणून उघड्या वावरात, उन्हाळ्यात, हिवाळ्याच्या दुपारी २०० ची फिल्म : कोडॅक गोल्ड किंवा कलरप्लस. पावसाळ्यात, ओसरीत, घराच्या सावलीत ४०० ची : कोडॅक अल्ट्रामॅक्स. एकच काहीतरी घ्यायचं असेल तर ४०० घ्या. काळ्या-पांढऱ्यात इलफर्डची एचपी५ प्लस चांगली, पण ती धुवायची पद्धत वेगळी. इलफर्डचीच एक्सपी२ सुपर रंगीत फिल्मच्याच रसायनात धुतली जाते, त्यामुळे लॅबला पाठवायची असेल तर ती सोयीची.

फिल्मचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा जीपच्या काचेजवळ ठेवलेला रोल लवकर खराब व्हायला लागतो. रोल फ्रिजमध्ये ठेवा, झाकणाच्या डबीत घट्ट बंद करून. बाहेर काढल्यावर तास-दीड तास डबी उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. फ्रिज नसेल तर घरातला गार, कोरडा कोनाडाही चालेल. कुरिअरने मागवायचे रोल दिवाळीनंतर मागवा, एप्रिल-मेमध्ये नको.

रोल भरणं

हे काम सावलीत करा, लिंबाखाली किंवा घरात. मागचं झाकण उघडा, डबी डाव्या बाजूला बसवा. फिल्मचं टोक ओढून उजव्या रिळाच्या खाचेत अडकवा. फिल्मच्या कडेची भोकं दातेरी चाकावर बसली आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. थोडी गुंडाळा, ताण आला की झाकण लावा. मग दोन फोटो वाया घालवा, कारण तेवढी फिल्म उजेडात गेलेली असते.

पुढे गुंडाळताना डावीकडची परत गुंडाळायची चकती फिरते का ते बघत जा. फिरत असेल तर फिल्म पुढे सरकते आहे. फिरत नसेल तर फिल्म रिळावरून निसटली आहे आणि आकडा वाढत असला तरी एकही फोटो निघत नाही. नव्या लोकांचे अख्खे रोल कोरे निघतात ते बहुतेक यामुळेच.

रोल संपला की गुंडाळी अडते. जोर लावू नका. खालचं बटण दाबून चकतीने फिल्म उलटी डबीत घ्या, चकती एकदम हलकी होईपर्यंत. तेव्हाच झाकण उघडा.

१२० च्या कॅमेऱ्यात परत गुंडाळणं नसतं. मागच्या लाल खिडकीतून कागदावरचे आकडे बघत फिल्म पुढे न्यायची. ही खिडकी उन्हात उघडी ठेवू नका, हाताची सावली धरून आकडा बघा आणि मग काळ्या टेपने झाका. लाल खिडकी आली ती लाल उजेड न कळणाऱ्या जुन्या फिल्मसाठी. आजची फिल्म लाल उजेडानेही खराब होते. होल्गाच्या झाकणाच्या कडांनाही टेप लावा. शिवाय होल्गात शटर आणि गुंडाळी जोडलेली नसते, म्हणून फोटो काढला की लगेच पुढे गुंडाळायची सवय लावून घ्या, नाहीतर एकावर एक दोन फोटो येतात.

ऊन, सावली आणि पावलं

सूर्य आपल्या खांद्यामागे असावा. सकाळी आठ ते दहा आणि हिवाळ्यात दुपारी साडेतीननंतर ऊन तिरपं येतं, चेहऱ्यावर पडतं. दुपारी बारा वाजता डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि टोपी घातलेल्या माणसाचा अर्धा चेहरा जातो. तेव्हा माणसांऐवजी वस्तूंचे फोटो घ्या : जिनिंगच्या आवारातली कापसाची गंजी, विहिरीचं रहाटगाडगं, हेमाडपंती देवळाची बाहेरची भिंत. देवळाच्या आतला फोटो या कॅमेऱ्यावर येणार नाही.

लिंबाखालची ठिपक्या-ठिपक्यांची सावली टाळा. तिथे चेहऱ्यावर पांढरे डाग पडतात. घराच्या भिंतीची सलग सावली उत्तम, समोर आकाश उघडं हवं आणि कॅमेऱ्यात ४०० ची फिल्म हवी. माणसाला ओसरीच्या काठाशी बसवा, आत नको.

अंतराचं काम पूर्ण आपलं. न हलणाऱ्या फोकसची लेन्स साधारण पाच-सहा फुटांपासून पुढचं नीट दाखवते, त्याहून जवळचं पुसट होतं. मोठ्या माणसाची दोन मोठी पावलं म्हणजे तेवढं अंतर. आधी विषयापासून पावलं मोजत मागे या, मग कॅमेरा डोळ्याला लावा. होल्गावर मात्र अंतर निवडता येतं, त्यासाठी एक माणूस, कुटुंब, घोळका आणि डोंगर अशी चार चित्रं असतात, त्यांची अंतरं सुमारे १, २, ६ मीटर आणि त्यापुढचं सगळं. मजकूर नाही, चित्रं आहेत, त्यामुळे पोरंही चटकन शिकतात.

बघायची खिडकी लेन्सच्या वर किंवा बाजूला असते, म्हणून जवळच्या फोटोत डोकी कापली जातात. डोक्यावर हातभर जागा जास्त सोडा.

पहिला रोल शिकण्यासाठीच वापरा. एकाच माणसाला चार, सहा, दहा, वीस फुटांवर उभं करून फोटो घ्या. मग सूर्य मागे, बाजूला, समोर ठेवून. मग भिंतीच्या सावलीत, ओसरीत, ढग आल्यावर. प्रत्येक फोटोचा आकडा, वेळ, अंतर आणि उजेड वहीत लिहा. धुऊन आल्यावर वही आणि निगेटिव्ह शेजारी ठेवून बघाल तेव्हा कॅमेऱ्याची मर्यादा तुम्हाला नेमकी कळेल, आणि ती प्रत्येक कॅमेऱ्याची थोडी वेगळी असते.

पोळा, शंकरपट, झाडीपट्टी

पोळा येतो पावसाळ्यात आणि बैल तोरणाखाली उभे राहतात ते दिवस उतरताना. तोवर या कॅमेऱ्यापुरता उजेड संपत आलेला असतो. त्यापेक्षा सकाळी बैल धुताना, शिंगं रंगवताना, झूल चढवताना फोटो घ्या. आदल्या दिवशीची खांदेमळणी तर हळदीच्या पिवळ्या रंगासाठी रंगीत फिल्मवरच घ्यावी. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेतलेली लेकरं एका जागी उभी असतात, ती या कॅमेऱ्याला फार सोपी. त्यांच्या उंचीला गुडघ्यावर बसा.

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी आडवी धावत गेली की शंभराव्या भागात ती पुसली जाते. जोडी तुमच्या दिशेने येत असेल अशा ठिकाणी, कठड्याच्या सुरक्षित बाजूला उभं राहा. किंवा सुटण्याआधीची जोडी आणि ती धरून उभी असलेली माणसं घ्या, तिथे चेहऱ्यांवर जास्त काही घडत असतं. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं रात्रभर चालतात. त्यांच्यासाठी हा कॅमेरा नाही, फ्लॅश दहा फुटांच्या पुढे फारसा पोचत नाही आणि नटांना त्रास होतो. पण दुपारी मंडप बांधणं, पडदे उलगडणं उन्हात चालतं.

फोटोआधी विचारा. “काकाजी, एक फोटो काढू का? धुऊन आला का तुम्हाले आणून देतो,” एवढं पुरतं. आणि दिलेला शब्द पाळा. गावात दुसऱ्यांदा कॅमेरा काढता येतो तो पहिल्या वेळी छापील फोटो नेऊन दिला असेल तरच.

धुलाई

रंगीत फिल्म सी-४१ पद्धतीने, ३८ अंशांच्या रसायनात धुतली जाते. ते लॅबचंच काम. नागपूर-अमरावतीच्या जुन्या स्टुडिओंमध्ये आधी चौकशी करा, नाहीतर मोठ्या शहरातल्या लॅबला कुरिअर करा. पाठवताना तीन गोष्टी लिहून द्या : फिल्मचं नाव, स्कॅन हवेत, आणि निगेटिव्ह परत हवेत. तिसरी विसरू नका.

काळी-पांढरी फिल्म घरी धुता येते. अंधाऱ्या पिशवीत हात घालून फिल्म टँकमध्ये (उजेड न शिरणाऱ्या डब्यात) भरायची, झाकण बसल्यावर पुढचं सगळं उजेडात होतं. डी-७६ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) पाणी न वाढवता वापरला तर एचपी५ प्लसला २० अंशांवर साडेसात मिनिटं. सुरुवातीला अर्धा मिनिट आणि नंतर दर मिनिटाला दहा सेकंद टँक उलटा-सुलटा करा. मग पाण्याने खळबळून चित्र पक्कं करणारा फिक्सर घाला, लोक त्यालाच हायपो म्हणतात. त्याची वेळ बाटलीवर किंवा पाकिटावर दिलेली असते. नंतर भरपूर पाणी. वापरलेला फिक्सर विहिरीजवळ, गुरांच्या हौदाजवळ किंवा वावरात ओतू नका, त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते. डबकीत साठवून पुढच्या खेपेला लॅबला नेऊन द्या.

आपल्याकडे हे काम डिसेंबर-जानेवारीत सुखाचं होतं, नळाचं पाणीच तेव्हा वीस अंशांच्या आसपास असतं. एप्रिलनंतर माठाचं पाणी आणि बाहेरून बर्फाची बादली लागते. शेवटची खळबळ जारच्या शुद्ध पाण्यात द्या. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात तर हे टाळूच नका. तिथल्या पाण्याचे क्षार वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके होऊन बसतात आणि प्रत्येक छापील फोटोत दिसतात.

वाळायला फिल्म मोरीत टांगा, दार बंद करून, जमिनीवर आधी पाणी शिंपडून, म्हणजे धूळ खाली बसते. काळ्या मातीची बारीक धूळ प्लॅस्टिकच्या लेन्सचीही वैरीण आहे. लेन्स खांद्यावरच्या दुपट्ट्याने कधी पुसू नका, चरे पडतात. रबरी फुग्याने हवा मारा आणि अगदीच लागलं तर धुतलेल्या मऊ सुती कापडाने हलक्या हाताने टिपा.

वाळलेली फिल्म सहा-सहा फोटोंच्या पट्ट्यांत कापून कागदी पाकिटांत ठेवा आणि पाकिटावर गाव, महिना आणि माणसांची नावं पेन्सिलीने लिहा. पावसाळ्यात ही पाकिटं सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. जेल ओली झाली की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत वापरता येते.